पोळ्याच्या दिवशीचं जू

विनोदिनी खापरीच्या फाट्यावर बसमधून उतरली तेव्हा तिला त्या दिवसाकडून फक्त नऊ तास हवे होते.

हिशेब सोपा होता. एन.एस.एस.च्या स्वयंसेविकेनं दोन वर्षांत दोनशे चाळीस तास भरायचे. तिचे दोनशे एकतीस भरले होते. राहिलेल्या नऊ तासांनी प्रमाणपत्र मिळणार होतं, प्रमाणपत्रानं बी.एड.च्या प्रवेशाला टेकू मिळणार होता, आणि बी.एड.ला नाव लागलं की आदिलाबादेत महसूल खात्यात कारकून असलेले तिचे वडील व्यंकटराव तिच्या लग्नाची फाइल निदान वर्षभर तरी खालच्या कप्प्यात ठेवणार होते. नऊ तासांत एवढं पदरात पडत असेल तर सौदा वाईट नव्हता.

तसे हे तास घरबसल्याही मिळाले असते. कॉलेजात एन.एस.एस. बघणारे गोपाळराव सर म्हणाले होते, "पोळ्याची सुट्टी आहे, घरी पुरणपोळी खा. रजिस्टरात तास मी मांडतो, कोण मोजायला येतंय?" ती नाही म्हणाली. यात प्रामाणिकपणा होताच. पण नेमक्या त्याच दिवशी वणीची आत्या एका मुलाचा फोटो घेऊन येणार होती, तेव्हा या प्रामाणिकपणात आत्याचाही वाटा धरायला हवा.

"अम्मा, तुम खापरीच जा रै ना?" बस सुटता सुटता कंडक्टरनं खिडकीतून हात बाहेर काढला. "ये चिठ्ठी पटेल कू दे देव. मंडल आफिस से दिये."

पाटलांसाठीची ती चिठ्ठी तेलुगूत होती. तिनं ती चालता चालता वाचली. वर मोठा पाऊस झाला आहे, पैनगंगा दुपारी चारच्या सुमारास चढेल, नदीकाठच्या सखल वस्तीनं उंचावर जावं. तिनं वर पाहिलं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं आणि ऊन नुसतं टोचत होतं. पिशवीतलं पूर-सज्जतेचं रजिस्टर तिनं उगाच एकदा चाचपलं.

हे रजिस्टर तिच्या दोनशे एकतीस तासांतलं सगळ्यात देखणं काम. मे महिन्यात दहा विद्यार्थ्यांचं शिबिर खापरीच्या शाळेत दहा दिवस राहिलं होतं. त्यांनी शोषखड्डे खणले, भिंतींवर घोषणा रंगवल्या, संध्याकाळी बायकांना अक्षरं शिकवली आणि पर्यावरणावर व्याख्यानं दिली. झाडं तुटली, म्हणून पाऊस बेभरवशाचा झाला, असं विनोदिनी सांगत होती तेव्हा पहिल्या रांगेतली वच्छलाबाई म्हणाली होती, "मंग पोरी, ज्यायनं टरकांनी लाकडं नेली त्यायले सांग ना. आमी त चुलीपुरतीच नेली. का पाऊस चुलीवर रुसला?" सगळ्या हसल्या. व्याख्यान तिथंच संपलं.

रजिस्टराला मात्र कुणी हसलं नाही. खालचा मोहल्ला नदीकडे उतरत गेलेला, घरं बावीस. पूर आला तर सगळ्यांनी माळावरच्या शाळेत जायचं. मैलभराची वाट, तीही पांदणीतून, दोन्हीकडच्या बांधांमधल्या गाडीवाटेनं. चालता न येणारी माणसं कोण, कुणाला कोणाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालायचं, हे सगळं तिनं चौकटी आखून, रंगीत पेन्सिलींनी लिहिलं होतं. गावात बंड्या चौदा. बैलजोड्या चौदा. चालता न येणारी माणसं मे महिन्यात, बयनाबाईची गरोदर सून धरून, आठ होती. जुलैत वच्छलाबाई अंगणात घसरली, तिच्या कमरेचं हाड मोडलं आणि ती नववी झाली. मंडल ऑफिसातल्या साहेबांनी रजिस्टर चाळून "चाला बागुंदी" म्हटलं होतं. फारच छान. ते त्यांनी सहसा कुणाला म्हणत नसत.

नाल्यावर महिपत आपले बैल धूत होता. कैऱ्या आणि चांद्या. गावच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जाण्याचा मान या जोडीचा, त्यामुळे आंघोळही तशीच चालली होती. नवरदेवाच्या अंगाला एवढी हळद कुणी चोळली नसेल.

"काऊन वो मास्तरीनबाई, पोळ्याच्या दिवशी?" त्यानं मान न वळवता विचारलं. "घरी पुरन नाई का शिजलं?"

"काम होतं, महिपतकाका."

"आज बैलालेबी सुट्टी हाये. तुलेच नाई?"

ती हसली. या वाक्यात जे होतं ते तिच्या डोक्यात शिरायला अजून दोन तास लागायचे होते.

"थांब. आलीच हायेस त एक गंमत पाह्य." महिपतनं ओला हात पाण्याकडे केला. नाल्यावर फेस होता, काड्या होत्या, पळसाची दोन-चार पानं होती आणि ती सगळी नदीकडून गावाकडं येत होती. "नाला उलटा वाहून राह्यला."

"म्हणजे?"

"म्हंजे नदीचं पोट भरलं. आता थे नाल्याचं पानी घेत नाई, वापस देऊन राह्यली. सकाळी आलो तवा थो धुन्याचा दगड कोल्डा होता. आता पाह्य, बुडाला."

विनोदिनीनं चिठ्ठी काढून दाखवली, वाचून मराठीत सांगितली. महिपतनं मान हलवली. मंडल ऑफिसला वायरलेस लागला होता. महिपतला पळसाचं पान पुरलं.

दोघं बैलांसह मारुतीच्या पारावर गेले. तिथं आंब्याच्या पानांचं तोरण बांधणं चाललं होतं आणि यशवंतराव पाटील कोऱ्या धोतरात उभे राहून तोरण कुठं लोंबतंय ते दाखवत होते. सरकारनं गावोगावची पाटीलकी काढून आठ-नऊ वर्षं झाली होती, पण ही बातमी यशवंतरावांना कुणी दिलेली नसावी. गावाचंही तिच्यावाचून काही अडलं नव्हतं.

"दरसाली येते ही चिठ्ठी," पाटील म्हणाले. "मागच्या साली आली, लोकं रातभर माळावर मच्छर मारत बसले, पानी कुठंच नाई. अन् आज त ऊन पाह्य कसं पडलं!"

"पाटील, नाला उलटा फिरला," महिपत म्हणाला.

पाटलांचा हात तोरणावरच थांबला. "कुठवर?"

"धुन्याचा दगड गेला."

पुढं कुणी ऊन दाखवलं नाही. दवंडी फिरली. आणि इथं शिबिराच्या बाजूनं एक गोष्ट जमा करायला हवी: कुठं जायचं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मे महिन्यात लोकांनी हसत हसत दोनदा माळावर जाऊन पाहिलं होतं. ते हसणं पायांच्या लक्षात राहिलं होतं. बायकांनी गाठोडी बांधली, दाव्यांच्या गाठी सुटल्या, शेरडं निघाली. शिंगं रंगवलेले, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, असे अठ्ठावीस बैल पांदणीतून वाजत वाजत माळ चढले. पूर येतोय की वरात निघाली आहे, हे लांबून कुणाला सांगता आलं नसतं.

विनोदिनीला भरून आलं. आपलं रजिस्टर जिवंत होऊन चालायला लागलंय असं तिला वाटलं. तिनं ते उघडलं आणि खालच्या मोहल्ल्यात उरलेल्या पुरुषांपुढं उभी राहून मोठ्यानं वाचलं, "आता चालता न येणारी माणसं. पहिली बंडी, महिपतकाका. वच्छलाबाई, बयनाबाईची बाळंतीण सून आणि तिचं बाळ..."

कुणी तंबाखू मळू लागलं, कुणी नाल्याकडं पाहू लागलं.

"बैल माळावरून परत आणायला हवेत ना?" ती म्हणाली. "लवकर आणू या."

"बाई," महिपत हळू आवाजात म्हणाला, "आज पोळा हाये."

आता कुठं तिला कळलं. आदिलाबादच्या तिच्या घरात पोळा दरवर्षी व्हायचा, पण बैल मातीचे असत. पाटावर मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, नैवेद्य दाखवायचा. मातीच्या बैलाला जू लावायचं की नाही हा प्रश्नच येत नाही. खऱ्या बैलाच्या खांद्याला वर्षातल्या या एका दिवशी जू टेकत नाही, हे तिला ऐकून माहीत होतं. पण रजिस्टर आखताना तिनं नदीला विचारलं, नकाशाला विचारलं, पंचांगाला विचारलं नाही. गावानंही आठवण दिली नव्हती. पूर पोळ्याला येईल, हे पुराच्याही डोक्यात मे महिन्यात नसावं.

"बाजेवर नेऊ," पाटील म्हणाले.

नेऊन पाहिलं. म्हातारे पांडुरंगराव पहिले. चार जणांनी चार पाय धरले. पण पांदणीतला काळा चिखल गुडघाभर, एकाचा पाय चाकोरीत तर दुसऱ्याचा वरंब्यावर. बाज होडीसारखी डोलायला लागली आणि शंभर पावलांवर पांडुरंगराव अलगद चिखलात जाऊन बसले. "मले घोड्यावर नव्हतं बसायचं रे," ते म्हणाले आणि धोतरावरचा चिखल झटकू लागले. त्यांना पाठकुळी मारून वर पोचवायला पाऊण तास गेला. अशानं वच्छलाबाईचं हाड राहिलं नसतं, आणि बाळंतिणीचं तर नावच नको. चाकोरीत चाक नीट चालतं. माणसाचा पाय चालत नाही.

दोन वाजले. सगळ्यात खालच्या अंगणात पाणी आलं. आवाज न करता आलं, ओळखीच्या पाहुण्यासारखं.

"एका दिवसाचा प्रश्न आहे," विनोदिनीचा आवाज चढला. "माणसं महत्त्वाची की रीत? बैलांना कुठं कळतंय आज पोळा आहे ते?"

"त्याले नाई कळत," महिपत म्हणाला. "आमाले कळते."

"ज्यानं पोळ्याले जू लावलं, त्याच्या दावनीचा बैल वर्साच्या आत गेला," पाटील म्हणाले. "माह्या आज्यानं पाह्यलं हाये. तू बोलून जाशील घरी, बाई. याचा बैल गेला त हा काय रजिस्टर जुंपीन?"

बोलणं टोचलं, पण तिला नाकारता येईना. ती प्रत्येकाला त्याची जोडी पणाला लावायला सांगत होती. स्वतः पणाला लावलेले नऊ तास तर सकाळपासून आपोआप भरत चालले होते.

तेवढ्यात आतून, बाजेवरून, वच्छलाबाईचा आवाज आला. अंगणात पडून तिची कंबर गेली होती, कान शाबूत होते.

"मले बैलाच्या बंडीत घालाल त मी उडी मारीन, सांगून ठेवते! साठ वरसं बैलाच्या जिवावर खाल्लं. वरसात एक दिस त्याचा. थो बी माह्या हाडापायी मोडता?"

"आजी, पाणी येतंय हो!"

"येऊ दे. पानी मले वळखते. पोरीले न्या पह्यले, बाळंतीन हाये थे."

"तिला कशात नेऊ?" विनोदिनी रडकुंडीला आली होती. ती उभ्या बंडीकडं वळली आणि शहरातल्या माणसानंच विचारावा असा प्रश्न तिनं विचारला. "पण बंडीला बैलच लागतात का?"

त्या घाईतही पाच-सहा जण हसले. "नाई नाई, शेरडं बी चालते!" कुणीतरी म्हणालं.

महिपत हसला नाही. तो बंडीपाशी गेला. दोन्ही हातांनी जू उचललं आणि एका बाजूनं त्याच्याखाली आपला उजवा खांदा दिला. जू एका अंगाला कललं. मग तो तसाच, ओणवा, मान वर करून म्हणाला,

"पाटील, बैलाले जू लागनार नाई असंच म्हनले ना तुमी? मानसाचं काई म्हनले नाई."

"अरे..."

"दुसरी बाजू रिकामी हाये."

पाटील एकदा आपल्या कोऱ्या धोतराकडं पाहत होते, एकदा मोहल्ल्याकडं. रीत राखायची ती त्यांनीच सांगितली होती; आता ती खांद्यावर घ्यायची वेळ आल्यावर मागं सरायला जागा नव्हती. त्यांनी धोतराचा काचा मारला, पागोटं काढून विनोदिनीच्या हातात दिलं आणि जुवाखाली शिरले.

"चांद्याच्या जागी चांगला भरला," मागून कुणीतरी म्हणालं.

मग सगळ्यांचेच खांदे पुढं आले. तीन बंड्या निघाल्या. प्रत्येकीला जुवाखाली दोघं, चाकांना दोघं दोघं, मागून रेटायला चौघं. बंड्यांत गवताचा जाड थर, त्यावर गोधड्या, त्यावर माणसं. वच्छलाबाईला बाजेसकट बंडीत ठेवलं. या गाडीला बैल नाही म्हटल्यावर तिची काही हरकत उरली नव्हती. उलट तिच्या जिभेला धार आली आणि ती बैल हाकावेत तशी ओरडू लागली.

"हाऱ्या, हाऱ्या! पाटलाच्या गळ्यात घुंगरू काऊन नाई बांधले वो? शिंगं रंगवाची राह्यली!"

"बुढे, उतरवून देईन खाली!" पाटील धापा टाकत ओरडले.

"बैल बोलून राह्यला बाप्पा! कली आला!"

बाळंतीण रडता रडता हसायला लागली. विनोदिनी मागच्या चाकाला होती. रजिस्टर आणि पाटलांचं पागोटं तिनं बंडीत वच्छलाबाईच्या उशाशी टाकलं होतं. काळ्या मातीनं चाकाचे आरे बुजत होते, ते ती हातानं उकरत होती, आणि तिला पहिल्यांदा कळत होतं की नकाशावर तिनं निळ्या पेन्सिलीनं आखलेली ती एक बोटभर रेघ प्रत्यक्षात एवढी खोल आहे.

पांदणीच्या मध्यावर उतार आहे, तिथं तीन बंड्यांतली महिपतची बंडी एका अंगानं घसरली. खालच्या बाजूला महिपत होता. सगळा भार जुवावरून त्याच्या खांद्यावर आला. विनोदिनीला ओली काडी मोडावी तसा बारीक आवाज ऐकू आला. तिला वाटलं, बंडीचं काहीतरी मोडलं.

"काका, थांबायचं का?"

"थांबली त बसली," महिपत दातांतून म्हणाला. "रेटा."

रेटलं. बंडी वर निघाली. शाळेच्या ओट्याला लागली तेव्हा चार वाजायला थोडा वेळ होता. वच्छलाबाईची बाज खाली उतरवली, बाळाला ऊब दिली, मग पाटील जुवाखालून निघाले आणि जिथं उभे होते तिथंच बसले. महिपत जुवाखालून निघाला तो उजवा हात डाव्या हातात धरून. खांदा खाली उतरला होता आणि चेहऱ्याचा रंग राखेसारखा झाला होता.

"काका, हे मघाशीच..."

"बोलू नको," तो म्हणाला. "बुढीले कळलं त पुन्हा खाली जाईन म्हनन."

साडेचारला खालच्या मोहल्ल्यात कमरेएवढं पाणी होतं. माळावरून सगळं दिसत होतं. एक भिंत बसली, मग शेजारची. भिजलेल्या मातीच्या भिंती आवाज करत नाहीत. थकलेला माणूस खाली बसावा तशा बसतात. बायका मोजत होत्या. आपलं घर कितवं, ते प्रत्येकीला लांबूनही ओळखू येत होतं. पण माणसंही मोजून झाली होती, आणि ती पुरी भरली होती. नऊच्या नऊ, वर एक बाळ.

संध्याकाळी तोरण शाळेच्या दोन खांबांना बांधलं. पोळा चुकवायचा नाही, असं पाटलांनीच सांगितलं. चिखलानं माखलेल्या धोतरातही त्यांचा शब्द पूर्वीइतकाच चालला, किंबहुना थोडा जास्त. कैऱ्या आणि चांद्या तोरणाखालून पहिले गेले. महिपतनं कासरा डाव्या हातात धरला होता. उजवा हात त्याच्या बायकोनं, जयवंताबाईनं, आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधला होता. ती बैलाला ओवाळत होती तेव्हा वच्छलाबाई बाजेवरून ओरडली, "त्यालेबी ओवाळ वो! आज तीन बैल हायेत तुह्या घरी!" जयवंताबाईनं खरंच नवऱ्याला ओवाळलं. तो लाजला. विनोदिनीनं त्या माळावर पाहिलेली ती एकच लाज.

पुढच्या आठवड्यात गोपाळराव सरांनी अहवाल मागितला. "स्वयंसेविकेच्या मार्गदर्शनाखाली ग्रामस्थांचं यशस्वी स्थलांतर, असं लिही. छान दिसतं." विनोदिनीनं तसं लिहिलं नाही. माझी योजना त्या दिवशी निकामी होती, असं तिनं लिहिलं. गावाला शिकवायला गेले, पण गावाला विचारलं नाही. नाला उलटा वाहतो म्हणजे काय, बैल कधी जुंपत नाहीत, गुडघाभर चिखलात बाज चालत नाही, हे सगळं माहीत असणारी माणसं समोर बसली होती आणि मी त्यांना आगगाडीच्या वेगानं पर्यावरण सांगत होते. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि सही केली. "यानं तुला बी.एड.ला काही फायदा व्हायचा नाही," ते म्हणाले. पण वजाही काही झालं नाही.

नवं रजिस्टर तिनं दिवाळीनंतर खापरीतच बसून केलं. या वेळी आखलं तिनं, सांगितलं गावानं. धुण्याच्या दगडावर पांढरी खूण आली: इथं पाणी लागलं की बाळंतीण, म्हातारी आणि आजारी माणसं आधी निघायची, चिठ्ठीची वाट बघायची नाही. सणवारांचा एक रकाना आला. पांदणीच्या उतारावर दोन्ही बाजूंनी मुरूम टाकायचा, असं ठरलं आणि नवल म्हणजे टाकलाही गेला. वच्छलाबाई काठी टेकत उठून बसायला लागली होती. प्रत्येक पानाखाली गावातल्या एकाची सही घ्यायची होती; पहिल्या पानावर तिनं जीभ दातांत धरून आपलं नाव लिहिलं. "पावसाले वाचता येते का?" तिनं विचारलं. "येत असन त बरं. माह्यं नाव पाहून तरी सांगून येईन."

महिपतचं हाड आदिलाबादच्या दवाखान्यात बसवलं, पण उशीर झाला होता. सांधलं, मात्र हात खांद्याच्या वर जाईना, आणि वजन तर घेईचना. पेरणीची तिफण दाबून धरायला उजवा खांदाच लागतो. तलाठ्यासारखा कुणी अधिकारी येऊन पुराचा पंचनामा करून गेला होता; त्यात बावीस घरांच्या भिंती होत्या, कणग्यांतली ज्वारी होती, नदीकाठच्या कपाशीची उभी पऱ्हाटी होती. गेलेलं जनावर, शून्य. गेलेलं माणूस, शून्य. खांद्याला त्यात रकाना नव्हता.

म्हणून पुढच्या जूनमध्ये विनोदिनी कोरा कागद घेऊन महिपतच्या शेतावर गेली. तो बांधावर बसला होता. शेतात गर्दी होती. बंडीत बसून माळावर गेलेल्या आठ जणांच्या घरांनी आपसात ठरवलं होतं, महिपतची पेरणी आपण करून द्यायची. एका घरातलं एक माणूस, एक दिवस. त्यांच्यात नसूनही पाटलांनी आपला दिवस मागून घेतला होता आणि तो नेमका आजचा होता. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांना पेरायला लावणाऱ्या घराण्यातले यशवंतराव तिफणीवर वाकले होते, आणि तिफण त्यांना नेईल तिकडं ते जात होते.

"दरखास्त लिहू या, काका," विनोदिनी म्हणाली. "मुआवजा मिळायला हवा तुम्हाला."

"काय लिहिशील? पोळ्याच्या दिवशी बैल झालो, अन् घसरलो?" महिपत हसला. "बैलाचा पंचनामा होते बाई, त्याले शिंगं पाह्यजेत." मग तो एकदम शेताकडं ओरडला, "पाटील! डाव्या अंगाले दाबा! डाव्या! वो, बांधावर पेरता काय?"

"तू चूप बस!" पाटलांचा आवाज आला. "पेरून तं राह्यलो!"

तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि बांधावर त्याच्या शेजारी बसली. पाऊस आठ दिवस उशिरा होता, पण आला होता. कैऱ्या-चांद्या संथ चालले होते. वेडंवाकडं जे काही होत होतं त्यात त्यांचा हात नव्हता.

ज्वारी उगवली तेव्हा त्या पट्ट्यातल्या ओळी फाट्यावरून जाणाऱ्या बसमधूनही ओळखू येत. सगळ्या शेतात सरळ आणि तेवढ्याच भागात साप गेल्यासारख्या. लोक बोट दाखवून हसत, पाटीलही हसत. भिंती मोहल्ल्याच्या गेल्या होत्या, त्या मोहल्ल्यानं उभ्या केल्या. खांदा महिपतचा गेला होता, तो कुणाला उभा करता आला नाही. आणि त्या वाकड्या ओळींत पाटलांनी जे बियाणं टाकलं होतं, तेही महिपतच्याच घरचं होतं.